इन्फिक्स ऑपरेटर एक्स्पोर्ट करताना

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत नवा इन्फिक्स ऑपरेटर, म्हणजे दोन पदांच्या मध्ये लिहायचे चिन्ह, तयार करायला एक ओळ पुरते, आणि अडचणींची सुरुवातही त्याच ओळीपासून होते. समजा, डावीकडची किंमत उजवीकडच्या फंक्शनच्या हाती देणारा ऑपरेटर आपल्याला हवा आहे, म्हणजे कामे ज्या क्रमाने व्हायची त्याच क्रमाने ती लिहिताही येतील. व्याख्या अशी होईल:

क |> फ = फ क

(कोडमधली नावे, आकडे आणि कीवर्ड मी इथे देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे आणि कीवर्ड अर्थातच रोमन वळणाने लिहावे लागतात.) आता दिलेल्या संख्येला दोनने गुणणारे 'दुप्पट' नावाचे फंक्शन घेऊन पुढची ओळ चालवून पाहावी:

५ + ३ |> दुप्पट

वाचणारा मनातल्या मनात आधी बेरीज करतो आणि मग तिची दुप्पट, म्हणजे १६ या उत्तराची अपेक्षा धरतो. उत्तर येते ११. कंपायलर काहीच तक्रार करत नाही, कारण टाइपच्या, म्हणजे किंमतींच्या प्रकारांच्या, दृष्टीने काहीही चुकलेले नाही. त्याने फक्त ३ |> दुप्पट हा गट आधी बांधला, त्याचे ६ झाले आणि त्यात ५ मिळवले. व्याख्येत दोष नाही, वापरात दोष नाही. दोष आहे तो न लिहिलेल्या तिसऱ्याच ओळीत.

ती तिसरी ओळ म्हणजे ऑपरेटरची फिक्सिटी, अर्थात त्याचा अग्रक्रम आणि त्याचे गट कोणत्या बाजूने पडतात याची घोषणा. हास्केलमध्ये अग्रक्रमाच्या ० ते ९ अशा दहा पायऱ्या आहेत. आकडा जितका मोठा, तितका ऑपरेटर आपल्या शेजारच्या पदांना घट्ट धरून ठेवतो. बाजू सांगण्यासाठी तीन कीवर्ड आहेत: डावीकडून गट पाडायचे असतील तर इन्फिक्सएल, उजवीकडून पाडायचे असतील तर इन्फिक्सआर, आणि एकाच पायरीवरचे ऑपरेटर कंसाशिवाय एकापुढे एक जोडूच द्यायचे नसतील तर नुसते इन्फिक्स. घोषणा केलीच नाही तर भाषा स्वतःहून इन्फिक्सएल ९ गृहीत धरते, म्हणजे सर्वांत घट्ट पायरी, आणि तीही डावीकडून. त्याहून घट्ट बांधणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे फंक्शनपुढे त्याचे आर्ग्युमेंट (त्याला द्यायची किंमत) नुसते लिहिणे. डिफॉल्टसाठी काहीतरी एक ठरवावे लागतेच हे मान्य, पण ९ ही पायरी नव्या ऑपरेटरला क्वचितच शोभते. मूळच्या संचात तिथे राहणारा नेहमीचा रहिवासी म्हणजे फंक्शने जोडणारा टिंब, आणि तोही उजवीकडून गट पाडतो.

पायरी निवडायची म्हणजे शेजारी कोण आहेत हे आधी पाहायचे. गुणाकार आणि भागाकार ७ वर, बेरीज आणि वजाबाकी ६ वर, यादीच्या डोक्याला घटक जोडणारा विसर्गासारखा : आणि दोन याद्या जोडणारा ++ हे ५ वर, सर्व तुलना ४ वर, && हा ३ वर, || हा २ वर, एकामागून एक क्रिया जोडणारा मोनॅडचा >>= हा १ वर आणि कंस वाचवणारा $ अगदी तळाला ० वर. आपला |> अंकगणित, याद्या आणि तुलना या सगळ्यांनंतर लागू व्हावा असे वाटत असेल, तर त्याला पहिल्या पायरीवर बसवणे सरळ आहे:

इन्फिक्सएल १ |>

आता वरच्या ओळीचे उत्तर १६ येते. ओळीच्या सुरुवातीला छापण्याचे फंक्शन आणि त्यापुढे $ लिहिले तरी काही बिघडत नाही, कारण $ आणखी एक पायरी खाली आहे. बाजू डावीच का, हेही एकदा कागदावर मांडून पाहावे. क |> फ |> ग ही साखळी उजवीकडून बांधली तर ती क |> (फ |> ग) होते, म्हणजे फ हे फंक्शनच ग ला आर्ग्युमेंट म्हणून मिळते, आणि बहुतेक वेळा टाइपची चूक येऊन गाडी तिथेच अडते. अशी चूक निदान दिसते तरी. ११ आणि १६ मधला फरक दिसत नाही.

मात्र पहिली पायरी घेतली म्हणजे सगळे प्रश्न मिटले असेही नाही. ५ + ३ |> दुप्पट == १६ ही ओळ आता कंपाइल होणार नाही, कारण तुलना ४ वर असल्यामुळे दुप्पट == १६ हा गट आधी बनतो आणि फंक्शनची संख्येशी तुलना करायला कंपायलर नकार देतो. |> ला ५ वर नेले तर ही ओळ चालेल, पण मग && आणि || असलेली सबंध अट पुढच्या फंक्शनला द्यायची झाली की प्रत्येक वेळी कंस घालावे लागतील. सर्वांना सोयीची अशी एक पायरी अस्तित्वातच नाही. आपल्या ऑपरेटरच्या डावी-उजवीकडे बहुधा काय लिहिले जाईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यानुसार एकाची गैरसोय पत्करायची, एवढेच हातात असते.

पायरी एक आणि बाजू दोन, अशी आणखी एक अडचण आहे. |> आणि >>= हे दोघेही १ वर आणि दोघेही डावीकडचे, म्हणून ते एका ओळीत सुखाने नांदतात. पण =<< हा १ वरच असूनही उजवीकडचा आहे. |> आणि =<< कंसाशिवाय एका ओळीत आले की आधी कोणाचा गट बांधायचा हे ठरवण्याचा नियमच उरत नाही, आणि कंपायलर ती ओळ सरळ फेटाळतो. या नियमाचा जाच किती खरा आहे, हे दस्तऐवजाची मांडणी करणाऱ्या 'प्रिटी' या जुन्या लायब्ररीच्या उदाहरणावरून चांगले कळते. तिच्यात दोन तुकडे चिकटवून जोडणारा <> आणि मध्ये एक मोकळी जागा ठेवून जोडणारा <+> हे दोन्ही इन्फिक्सएल ६ आहेत. पुढे २०१२ च्या सुमारास हास्केलच्या मूळ लायब्ररीत मोनॉइडसाठी, म्हणजे एकमेकांना जोडता येणाऱ्या किंमतींसाठी, सर्वसाधारण <> आला, तो मात्र इन्फिक्सआर ६ म्हणून. चिन्ह एकच, अर्थही जवळपास तोच, पायरीही तीच, पण बाजू उलट. त्यामुळे मूळ लायब्ररीतला <> आणि 'प्रिटी'तला <+> कंसाशिवाय एका ओळीत लिहिताच येत नाहीत.

मग 'प्रिटी'च्या ऑपरेटरची बाजू बदलून टाकावी, असे कोणालाही सुचेल. पण रिकामा तुकडा मध्ये आला की अर्थच बदलतो. क <> रिकामा <+> ख या ओळीत डावीकडून गट पाडले तर आधी क आणि रिकामा मिळून क होतो, आणि मग <+> मुळे क आणि ख यांच्यामध्ये जागा पडते. उजवीकडून पाडले तर रिकामा <+> ख याचे उत्तर, रिकाम्या तुकड्याच्या नियमानुसार, नुसता ख येते, आणि मग <> मुळे क आणि ख एकमेकांना चिकटतात. छापलेल्या मजकुरात कुठे जागा पडेल आणि कुठे नाही, हे फिक्सिटीच्या एका अक्षरावर ठरले. म्हणून मी असे मानतो की फिक्सिटी हा ऑपरेटरच्या जाहीर कराराचा तेवढाच भाग आहे, जेवढा त्याचा टाइप आहे. आणि एकदा लायब्ररी बाहेर पडली की टाइप बदलताना जेवढा विचार करावा लागतो, तेवढाच पायरी किंवा बाजू बदलतानाही करायला हवा. किंबहुना थोडा जास्तच, कारण टाइप बदलला तर वापरणाऱ्याचा कोड बहुधा कंपाइल होत नाही, पण पायरी बदलली तर तो तसाच कंपाइल होऊन वेगळे उत्तर देऊ शकतो.

आता एक्स्पोर्टकडे, म्हणजे ऑपरेटर इतर मॉड्यूलना वापरायला खुला करण्याकडे, वळू. मॉड्यूलच्या एक्स्पोर्ट यादीत ऑपरेटर कंसात लिहायचा, (|>) असा. इम्पोर्ट करताना यादीचा एक कंस आणि ऑपरेटरचा एक, असे दोन कंस एकाला एक लागून येतात, आणि नवशिक्याला ती हमखास टायपिंगची चूक वाटते. फिक्सिटीचा यादीत कुठेही उल्लेख करायचा नसतो. ती ऑपरेटरसोबत आपोआप जाते, आणि मधल्या एखाद्या मॉड्यूलने तोच ऑपरेटर पुन्हा एक्स्पोर्ट केला तरी तशीच पुढे जाते. हास्केलच्या दृष्टीने फिक्सिटी चिन्हाला चिकटलेली नसून त्या चिन्हामागच्या विशिष्ट व्याख्येला चिकटलेली असते. म्हणूनच दोन मॉड्यूलमध्ये एकाच चिन्हाच्या दोन वेगळ्या फिक्सिटी असू शकतात. त्यामुळे कंपायलरचे काम थोडे किचकट होते: अनेक ऑपरेटर असलेली ओळ वाचताना पार्सरला, म्हणजे कोडची रचना वाचणाऱ्या भागाला, गट कसे पाडायचे हे माहीतच नसते. तो ती पदांची रांग कामचलाऊ रीतीने वाचून ठेवतो, आणि कोणते चिन्ह कोणत्या मॉड्यूलमधून आले आहे हे ठरल्यावरच खरे गट पाडले जातात. हास्केल २०१० च्या अहवालात या कामाचा अल्गोरिदम स्वतंत्रपणे दिलेला आहे, आणि तो वाचायला बिलकूल अवघड नाही.

दुसऱ्याच्या ऑपरेटरची फिक्सिटी आपल्याला बदलता येत नाही, कारण घोषणा व्याख्येच्या शेजारीच, त्याच पातळीवर असावी लागते. इथे एक छुपा खड्डा आहे. 'डेटा.सीक्वेन्स' या मॉड्यूलमध्येही |> आहे, पण तिथे तो अनुक्रमाच्या शेवटी घटक जोडतो आणि तो इन्फिक्सएल ५ आहे. दोन्ही |> एकाच फाइलमध्ये आले की नाव संदिग्ध होते. पात्रतादर्शक उपसर्ग लावून, म्हणजे एस.|> असे लिहून सुटका होते आणि फिक्सिटीही टिकते, पण वाचायला ते चिन्ह इतके ओबडधोबड दिसते की पुष्कळजण व्हेअरखाली, म्हणजे स्थानिक व्याख्यांत, एखादे नवे चिन्ह घेऊन त्याला एस.|> बरोबर जोडून टाकतात. ती नवी व्याख्या झाली. तिच्याबरोबर जुनी फिक्सिटी येत नाही. वेगळी घोषणा केली नाही तर तिला इन्फिक्सएल ९ मिळते. फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून आलेल्या ऑपरेटरचीही तीच गत होते: आत त्याला + असेच नाव दिले तरी बेरजेची सहावी पायरी त्याला लाभत नाही.

टाइपक्लासची (अनेक टाइपना लागू होणाऱ्या फंक्शनांच्या गटाची) मेथड ऑपरेटर असेल तर एक्स्पोर्ट यादीत क्लासच्या नावापुढच्या कंसात ती स्वतःच्या कंसासह लिहायची, किंवा दोन टिंबे देऊन सगळ्याच मेथड बाहेर पाठवायच्या. विसर्गासारख्या चिन्हाने सुरू होणारे ऑपरेटर हे डेटा कन्स्ट्रक्टर, म्हणजे टाइपच्या किंमती घडवणारे, असतात, आणि तेही असेच आपल्या टाइपच्या पोटात जातात.

चिन्हे निवडताना थोडे शब्दकोडेही सोडवावे लागते. दोन डॅशने टिप्पणी सुरू होते, पण --> हा कायदेशीर ऑपरेटर आहे, आणि --| हाही. त्यामुळे दस्तऐवजी टिप्पणीत मोकळी जागा न ठेवता --| लिहिले की टिप्पणीऐवजी भलताच ऑपरेटर उभा राहतो आणि चुकीचा संदेश वाचून काही उलगडत नाही.

फिक्सिटीने व्याख्येसोबत प्रवास करावा हा हास्केलचा निर्णय होता; तो सर्वांनी घेतलेला नाही. स्टँडर्ड एमएलमध्ये पायऱ्या ० ते ९ अशाच आहेत, पण इन्फिक्सची घोषणा स्ट्रक्चरच्या (तिथल्या मॉड्यूलच्या) आतच संपते. भाषेच्या व्याख्येनुसार सिग्नेचरमध्ये, म्हणजे मॉड्यूलमधून काय बाहेर दिसते त्याच्या यादीत, ती येत नाही, म्हणून वापरणाऱ्याने आपल्या फाइलमध्ये ती पुन्हा लिहायची. घोषणा केली नाही तर तो ऑपरेटर साध्या फंक्शनसारखा आधी लिहून वापरावा लागतो. म्हणजे ऑपरेटरचे व्याकरण लेखकाच्या नव्हे तर वाचकाच्या हाती राहते, आणि दोन वाचकांनी दोन पायऱ्या निवडल्या तर तीच ओळ दोन फाइलींमध्ये दोन अर्थांची होते. मला हा मार्ग पटत नाही, पण त्यामागची सावधगिरी समजते: स्ट्रक्चर उघडल्यामुळे फाइलच्या वाचनाची रीतच बदलू नये, ही अपेक्षा गैर नाही.

ओकॅमलने हा प्रश्न मुळातच टाळला आहे. तिथे पायरी आणि बाजू ऑपरेटरच्या पहिल्या एक-दोन चिन्हांवरून ठरतात. घोषणा नावाची गोष्टच नाही. + ने सुरू होणारे सगळे बेरजेच्या पायरीवर आणि डावीकडून, @ किंवा ^ ने सुरू होणारे उजवीकडून. एक्स्पोर्ट करायचे म्हणजे सिग्नेचरमध्ये कंसातले चिन्ह आणि त्याचा टाइप लिहायचा. (फक्त * ने सुरू होणाऱ्या चिन्हाभोवती कंसाला न चिकटता जागा सोडायची, नाहीतर ती टिप्पणीची सुरुवात ठरते.) ओकॅमलच्या मूळ लायब्ररीत ४.०१ या आवृत्तीपासून |> आहे, आणि उभ्या रेघेने सुरू होत असल्यामुळे तो तुलनेच्याच पायरीवर, डावीकडून गट पाडत बसतो. परिणामी वर हास्केलमध्ये अडलेली ओळ, म्हणजे ५ + ३ |> दुप्पट = १६, ओकॅमलमध्ये व्यवस्थित चालते. मात्र तीच उलटी करून १६ = ५ + ३ |> दुप्पट असे लिहिले की आधी १६ = ८ ही तुलना होते आणि खरे-खोटे यांचे उत्तर दुप्पट करायला पाठवले जाते. सममित दिसणाऱ्या बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना दोन न्याय! तरीही ओकॅमलच्या पद्धतीचा मोठा गुण असा की अनोळखी ऑपरेटर समोर आला तरी गट कसे पडतील हे कुठलेही मॉड्यूल न उघडता सांगता येते. शिवाय मॉड्यूलचे नाव, टिंब आणि कंस असे लिहून फक्त त्या कंसापुरते मॉड्यूल उघडता येते, त्यामुळे हास्केलमधला उपसर्गवाला ओबडधोबड प्रकार करावा लागत नाही.

दुसरे टोक एल्मचे. २०१८ मध्ये आलेल्या ०.१९ या आवृत्तीने सामान्य वापरकर्त्यांची नवे ऑपरेटर तयार करण्याची मुभाच काढून घेतली. जे आहेत ते भाषेच्या गाभ्यातले. प्युअरस्क्रिप्टने निवडलेली वाट मला या सगळ्यांत जास्त शहाणपणाची वाटते. तिथे ऑपरेटर ही स्वतंत्र व्याख्या नसतेच. आधी नाव असलेले फंक्शन लिहायचे आणि मग फिक्सिटीच्या घोषणेतच त्या फंक्शनचे टोपणनाव म्हणून चिन्ह द्यायचे. फिक्सिटी विसरण्याची सोयच राहत नाही, कारण तिच्याशिवाय चिन्ह जन्मालाच येत नाही. शिवाय चिन्ह एक्स्पोर्ट करून त्यामागचे फंक्शन लपवून ठेवू म्हटले तर कंपायलर अडवतो.

हास्केलमध्ये ही शिस्त कोणी लादत नाही, पण स्वतःहून पाळायला काही हरकत नाही. प्रत्येक ऑपरेटरमागे उच्चारता येणारे, शोधता येणारे एक फंक्शन असावे आणि तेही एक्स्पोर्ट करावे. ऑपरेटर वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवावेत, म्हणजे ज्याला चिन्हे नकोत त्याला ती वगळून लायब्ररी वापरता येते. नेहमीच्या शोधयंत्रांत चिन्हे टाकून काही हाती लागत नाही. हास्केलसाठी हूगल हे चिन्हेही शोधणारे शोधयंत्र आहे, पण ते माहीत नसलेल्या वाचकाला नावाचाच आधार असतो. पुष्कळदा तर चिन्हाची गरजही नसते. दोन आर्ग्युमेंटचे कोणतेही साधे फंक्शन उलट्या अवतरणचिन्हांत घालून इन्फिक्स रीतीने लिहिता येते आणि त्याची फिक्सिटीही जाहीर करता येते. 'डिव्ह' हे गुणाकाराच्या सातव्या पायरीवर आहे आणि 'एलेम' तुलनेच्या चौथ्या, ते असेच. आपल्या फंक्शनला ही घोषणा द्यायला लोक विसरतात आणि तेही ९ वर जाऊन बसते.

ऑपरेटरांचा पूर्ण कुटुंबकबिला बाहेर पाठवायचाच असेल, तर त्यांच्या पायऱ्या एकमेकांच्या संदर्भात कशा ठरवाव्यात हे नोंदींच्या आतले भाग वाचणाऱ्या-बदलणाऱ्या 'लेन्स' लायब्ररीकडून शिकावे. तिच्यातल्या चिन्हांच्या संख्येवर टीका होते आणि ती अगदीच अनाठायी नाही, पण फिक्सिटीच्या बाबतीत तिथे काहीही ढिसाळ नाही. वाचणारा ^. हा इन्फिक्सएल ८, किंमत बसवणारा .~ आणि फंक्शन चालवणारा %~ हे दोघे इन्फिक्सआर ४, आणि आपल्या |> चेच काम करणारा मूळ लायब्ररीतला & हा इन्फिक्सएल १. आता ही ओळ पाहा:

नोंद & पत्ता . शहर .~ नवे & वय %~ (+ १)

फंक्शने जोडणारा टिंब ९ वर असल्यामुळे पत्ता . शहर आधी एक होतात, मग .~ आणि %~ आपापली दुरुस्ती तयार करतात, आणि शेवटी & त्या दुरुस्त्या डावीकडून एकेक करून नोंदीवर लावतो. एकाही ठिकाणी गटासाठी कंस लागला नाही. जो आहे तो + च्या सेक्शनचा, म्हणजे एक पद मोकळे ठेवलेल्या + चा. तसेच नोंद ^. पत्ता . पिन + १ इथे टिंब ९, ^. हा ८ आणि + हा ६, म्हणून आधी वाट, मग वाचन, मग बेरीज. ८ ही पायरी टिंबाच्या एक खाली आणि गुणाकाराच्या एक वर आहे, तिथेच ^. बसवला आहे, यात योगायोग नाही.

कन्स्ट्रक्टर ऑपरेटरच्या बाबतीत फिक्सिटीचा हात आणखी लांब पोचतो, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. :+: हा इन्फिक्सएल ६ आणि :*: हा इन्फिक्सएल ७ असे दोन कन्स्ट्रक्टर असलेला टाइप घेतला आणि त्याचा 'शो' (किंमत मजकूर म्हणून छापणारा कोड) कंपायलरकडूनच तयार करून घेतला, तर तो पायऱ्या पाहूनच कंस घालतो. गुणाकार डावीकडे असलेली बेरीज १ :*: २ :+: ३ अशी, कंसाविना छापली जाते. उद्या :*: ची पायरी ६ केली तर तीच किंमत (१ :*: २) :+: ३ अशी छापली जाईल, कारण तयार केलेला 'शो' डावी-उजवी बाजू पाहत नाही, फक्त पायरी पाहतो. छापील मजकुराशी ताडून पाहणाऱ्या चाचण्या तिथे पडतील. आणि तसाच तयार करून घेतलेला 'रीड' (मजकुरातून किंमत परत वाचणारा कोड) वापरून कोणी जुन्या फाइलमधली कंसाविनाची ओळ वाचायला गेले, तर नव्या आवृत्तीला ती वाचताच येणार नाही.